हँडब्रेक ओढणारा माणूस

नांदेडचे एक निवृत्त मास्तर मुदखेड-किनवट मार्गाच्या आगगाडीने आदिलाबादला उतरले. तिथून महामार्ग 44 ने गुडीहतनूर, मग वळून इंद्रवेल्ली आणि पुढे उटनूर, एवढा रस्ता त्यांना पाठ होता. उटनूर म्हणजे आयटीडीएचं, आदिवासी विकास यंत्रणेचं गाव. गोंडी, तेलुगू, दखनी आणि मराठी अशा चार भाषा एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात, आणि चारही भाषांत ऑटोला ऑटोच म्हणतात.

मास्तर नियमांचे पक्के. 2017 पर्यंत लागू असलेल्या 1989 च्या रस्ता नियमावलीत गाडी कुठे उभी करू नये याची यादी होती, ती त्यांना अजून तोंडपाठ. चौकात नाही, वळणावर नाही, पदपथावर नाही, बसथांब्याजवळ नाही, शाळा-दवाखान्याच्या दारात नाही आणि दुसऱ्या उभ्या गाडीला लागून तर मुळीच नाही. ही यादी वाचली की सरकारने ऑटोस्टँडचा नकाशाच काढून दिलाय असं वाटतं. बसथांबा सोडून लांब उभं राहायचं, तर गिऱ्हाईक काय आभाळातून पडणार?

परदेशातही तीनचाकी कुठे उभी करावी याचं कोडं आहेच, फक्त ते श्रीमंतांचं. कॅनडाच्या कंपनीची स्पायडर 2007 मध्ये आली, पुढे दोन चाकं, मागे एक. ती मोटारीच्या चौकटीत लावावी की दुचाक्यांच्या रांगेत, यावर तिचे मालक गंभीरपणे वाद घालतात. आपल्या तीनचाकीचं घराणं जुनं. व्हेस्पा ज्यांनी आखली त्या कोराडिनो दास्कानिओंनीच 1948 मध्ये ॲपे घडवली, आणि हल्ली ती बारामतीत तयार होते. पण बारामतीहून निघालेल्या गाडीला चौकट कुठून मिळणार? तिला मिळतो उटनूरच्या रांगेतला नंबर.

पुढची भरल्याशिवाय मागच्याने हाक मारायची नाही, हा पहिला शिष्टाचार. पुढची गेली की सगळी रांग एकेक गाडीभर सरकते, पण इंजिन कोणी सुरू करत नाही, डिझेल फुकट येत नाही. पुढच्या काचेलगतच्या खांबाला खांदा, एक हात हँडलवर, आणि गाडी पुढे. मालक चहाला गेला असेल तर मागचा माणूस त्याचीही गाडी ढकलतो. आपण ढकललं नाही, तर आपण चहाला गेल्यावर आपली कोण ढकलणार?

मास्तरांच्या नजरेला मागच्या चाकाखालचा दगड पडला.

“हँडब्रेक बिघडलाय का हो?”

“चांगला आहे ना सर. पण ओढला तर मागचा कसा ढकलणार? दगड कोणीपण काढतो.”

म्हणजे हँडब्रेक ओढून जाणारा माणूस इथे असभ्य. हे कलम नियमावलीत घालायला हवं होतं, असं मास्तरांना प्रामाणिकपणे वाटलं.

तेलंगणात 9 डिसेंबर 2023 पासून महालक्ष्मी योजनेत बायकांना आरटीसीच्या पल्लेवेलुगू आणि एक्स्प्रेस बसमध्ये मोफत प्रवास. झीरो तिकीट घेऊन बायका बसमध्ये चढल्या आणि राज्यभर ऑटोवाल्यांनी निदर्शनं केली. गाडी भरायला वेळ लागला की रांगही जागची हलत नाही. अशा रांगेपुढे सूटकेस घेतलेला एकटा पुरुष दिसला की त्याचं स्वागत व्याह्यासारखं होतं. “या सर, तुम्हाला तर तिकीट पडतंच!” घरी कोणी इतक्या अगत्याने ‘या’ म्हटल्याचं मास्तरांना आठवेना.

रांगेतल्या तंट्याला कोर्ट नाही. दरबार मात्र जवळच आहे. केसलापूरला पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळातले लोक गोदावरीचं पाणी चालत आणतात, आणि जत्रेत अधिकारी दरबारात बसून आदिवासींची गाऱ्हाणी ऐकतात. हा दरबार मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने 1940 च्या दशकात सुरू झाला. जमिनीचे आणि पाण्याचे प्रश्न तिथे येतात. ऑटोचा नंबर चुकल्याचं गाऱ्हाणं तिथवर नेण्याइतका वेळ मात्र कोणाकडे नसतो, तोवर दुसरा प्रवासी उचलतो.

अखेर पुढची ऑटो भरून गेली. मास्तरांची ऑटो दुसरी, पण तिचा मालक टपरीवर. मागून हॉर्न सुरू झाले. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, सूटकेस आत ठेवली, वाकून दगड काढला आणि खांबाला खांदा लावला.

मालकाने टपरीवरून बशी उंचावून दाद दिली. “बस, बस सर! थोडं डावीकडे घ्या, आणि दगड परत लावा!”