जोडीत पन्नास किलो कमी

पुतण्यानं जांभ्याचे चिरे वाहायला जुना टेम्पो घेतला आणि वालावलात टायरतज्ज्ञांचं पीक आलं. लक्ष्मीनारायणाच्या तळ्याकाठी बसणाऱ्या, घरी सायकलही नसलेल्या मंडळींनी रेडियल की नायलॉन यावर हिरीरीनं मतं दिली. एकानं तर टायरला लाथ घालून ‘हवा बरोब्बर’ असा निकालच दिला. टायरात ५० पौंड हवा असो की ८०, लाथेला सारखीच लागते. फरक कळतो तो भरल्या गाडीनं घाटी उतरताना.

पुतण्याचा जीव मात्र रुंद टायर आणि चकचकीत अलॉयवर. तेही बॉडीच्या बाहेर चार बोटं आलेले हवेत. कुडाळच्या टायरवाल्यानं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

“झिला, तुका चिरे व्हरूचे आसत काय नवरो?”

मग त्यानं फडक्यानं एका टायरची बाजू पुसली आणि आकड्यावर बोट ठेवलं: १२१/१२०. म्हणजे टायर एकटा असेल तर १४५० किलो पेलणार आणि जोडचाकात लावला तर १४००. मला हे ताबडतोब पटलं. एकत्र कुटुंबातला कर्ता पुरुषही भावाशेजारी उभा राहिला की पन्नास किलोनं उतरतोच. टायरांचंही तेच. एकात हवा कमी, रस्ता एका बाजूला कलता. ओझं निम्मं-निम्मं कधी वाटलंच जात नाही. आकड्यापुढं ‘एल’ हे अक्षर होतं, ते ताशी १२० किलोमीटरचं. खाणीच्या वाटेवर २० नं गेलं तरी चालकाची कवळी हातात येते.

टायरवाल्यानं हिशेब कॅलेंडरच्या पाठीवर मांडला. पुढच्या दोन चाकांचे २९००, मागच्या चारांचे ५६००, एकूण ८५०० किलो. त्यातच टेम्पोचं स्वतःचं वजन. शिवाय जांभा सच्छिद्र, पावसात पाणी पिऊन बसतो. चालक चिरे मोजतो, टायर किलो मोजतो, आणि जूनमध्ये दोघांचं जमत नाही. पुतण्या कॅलेंडरच्या पुढच्या बाजूचं चित्र बघत होता.

“पण काकानू, रुंद टायर चिखलात रुतत नाय.”

हे त्यानं व्हिडिओत पाहिलेलं. देवबागच्या रेतीत रिकामी जीप घालायची तर खरंच आहे: हवा थोडी उतरवली की टायर लांबट पसरतो आणि गाडी तरंगते. भरल्या टेम्पोची हवा उतरवून डांबरावर आलात तर बाजू दुमडून दुमडून तापतात आणि टायर जातो. आणि सड्यावरच्या चिखलाखाली असतो कातळ. अरुंद टायर चिखल कापून त्याला जाऊन टेकतो, रुंद टायर वरच घसरत बसतो. त्यातून जोडचाकात रुंद टायर घातले की ओझ्याखाली फुगून ते एकमेकांना घासतात. मधे जांभ्याचा खडा अडकला तर विचारूच नका, दोन्ही टायरांच्या बाजू सोलून निघतात.

रेडियलचा विषय लवकर मिटला. तो डांबरावर गार राहतो हे कबूल, पण बाजू पातळ. कपच्यांना पुरून उरते ती नायलॉनची जाड बाजू. अलॉयवर टायरवाला जरा रेंगाळला. लोखंडी डिस्क खड्ड्यात वाकते, म्हणजे निदान सांगून बिघडते. अलॉयला तडा जातो. आणि चाक चार बोटं बाहेर काढलं की तेवढा जादा पीळ बेअरिंगवर येतो. बेअरिंग काही कुणाला दिसत नाही, त्यामुळे त्याची बाजू घ्यायला तळ्याकाठी कोणी नव्हतं.

शेवटी अरुंद, खोल नक्षीचे नायलॉन टायर आणि साध्या लोखंडी डिस्क घेतल्या. “उरलेल्या पैशांत हवेचो मीटर घे,” टायरवाला म्हणाला. पुतण्यानं चाकाच्या नटांवर बसवायच्या चकचकीत टोप्या घेतल्या. मीटर मी घेतला. आता दर सोमवारी सकाळी, टायर गार असताना, मी हवा बघतो आणि तो टोप्या पुसतो.