नॅक येती घरा

बंगळुरूची नॅक 1994 साली जन्मली ती उच्च शिक्षणाचा दर्जा जोखायला. पण जळगाव-धुळ्याकडे एखाद्या कॉलेजात तिचा खरा धसका असतो तो प्लंबर आणि वायरमनला. एरवी मे महिन्यात पारा 45 ला टेकला तरी स्टाफरूमचा पंखा कॅपॅसिटरवाचून कण्हत असतो, अन् कंत्राटी वायरमनभाऊंचा मागणीअर्ज ‘निधी उपलब्ध झाल्यावर’ या शेऱ्याखाली गाढ झोपलेला. नॅकच्या पाहणी समितीची तारीख लागली की निधी, चुना आणि नेतृत्व तिन्ही एकदम उगवतात. (चुना कोणाला लागतो, ते विचारू नये.) प्राचार्य स्वतः नळ फिरवून पाहतात, फोटो काढून घेतात; टाकीवर चढून व्हॉल्व्ह बदलणारा त्या फोटोत मावत नाही. अहवालात ‘देखभाल यंत्रणा सक्षम’ असं छापून येतं. यंत्रणेचा तीन महिन्यांचा पगार तेवढा थकलाय.