बोरचा वाघ दिसतो, फाटकावरचा माणूस नाही

वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात दोन जातींचे कॅमेरे आढळतात. पहिली जात बोरच्या जंगलात, झाडाच्या खोडाला पट्ट्यानं आवळलेली. तिला वाय-फाय नाही, विजेची वायर नाही, अ‍ॅप नाही आणि पुण्याहून बघणारा मुलगाही नाही. दुसरी जात गावातल्या ले-आउटमधल्या घरांवर, फाटकाशेजारच्या खांबाला स्क्रूनं पक्की केलेली. तिला हे सगळं आहे. पहिलीच्या फोटोत वाघाच्या अंगावरचा एकेक पट्टा ओळखता येतो. दुसरीत एक पांढरं चक्र दिसतं आणि ते फिरत राहतं.

बोरला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, तेव्हा जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा हा प्रकल्प देशात सर्वांत लहान होता. तिथला कारभार साधा. वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दोन कॅमेरे, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीशी जुळत नाहीत. समोरून ऊब असलेलं काही हललं की फोटो निघतो आणि मेमरी कार्डावर जाऊन बसतो. काही दिवसांनी वनखात्याचा माणूस पायी जातो आणि कार्ड काढून आणतो. २०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे बांधले गेले. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांवर फोटो काढले, पैकी ७६,६५१ वाघांचे. गिनीज बुकानं या खटाटोपाची नोंद घेतली. नेटवर्क नाही म्हणून वाघ परत गेला, अशी तक्रार त्यात कुठे नाही.

आता गावात या. कोणत्याही ले-आउटमध्ये एक निवृत्त सर असतातच. त्यांचा मुलगा पुण्याला आयटीत असतो, दिवाळीला येतो आणि येताना व्हिडिओ डोअरबेल घेऊन येतो. भाऊबीज आटोपेपर्यंत ती फाटकावर बसलेली असते. मुलगा परत जातो. त्या दिवसापासून सरांच्या घरी जो येतो तो आधी ताटकळतो.

“सर, बेल वाजवून राह्यलो ना मी, केव्हाचा!” दूधवाला ओरडतो.

“अरे, मोबाइलवर गोल गोल फिरून राह्यलं. तू दिसलाच नाही.”

“तुमच्यासमोर उभा आहे ना जी मी!”

सर व्हरांड्यातल्या खुर्चीवर असतात. दूधवाला फाटकावर. मध्ये दहा पावलांचं अंगण. तरीही सर मोबाइलकडेच पाहतात, कारण डोळ्यांनी पाहिलं तर रेकॉर्डिंग होत नाही. दूधवाला पुढच्या गल्लीत पोचतो तेव्हा सरांचा मोबाइल वाजतो: तुमच्या दारात कुणीतरी आलं आहे.

या यंत्राच्या मूळ कल्पनेत असली गंमत नव्हती. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेनं १९६६ साली पतीसह घराच्या सुरक्षेच्या यंत्रणेसाठी पेटंटचा अर्ज केला, आणि १९६९ मध्ये ते मिळालं. दोघांच्या कामाच्या वेळा अवेळी, वस्ती धास्तीची आणि पोलीस उशिरा येणारे. म्हणून दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा आणि आत टीव्हीचा पडदा. घरातली बाई एकटी असताना दार उघडण्याआधी बाहेर कोण आहे हे कळावं, एवढाच हेतू. सरांच्या घरी दार उघडल्यानंतरच मोबाइलवर काय येईल ते येतं.

चक्र फिरू लागलं की सेलूत पहिला संशय कॅमेऱ्यावर जातो. कॅमेरा ‘चायनाचा’ ठरतो. मग दुसरा येतो, पहिल्यापेक्षा महाग, जास्त मेगापिक्सलचा. तो जास्त डेटा मागतो, त्यामुळे चक्र आणखी निवांत फिरतं. चोर बाहेरून येणार म्हणून सगळी नजर फाटकावर. सिग्नलचा चोर घरातच बसलेला असतो आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

राउटर नेमका आहे कुठे? फायबरवाल्याची वायर मागच्या खिडकीतून आली, म्हणून राउटर मागच्या खोलीत, हे त्याचं वास्तुशास्त्र. तिथून सरांच्या पत्नीनं, म्हणजे वहिनींनी, तो शोकेसमध्ये हलवला, टीव्हीच्या पाठीमागे, स्टीलच्या पेल्यांच्या आणि मुलाच्या ट्रॉफ्यांच्या रांगेत. वर क्रोशाचा रुमाल घातला. रुमालानं सिग्नल अडत नाही, राउटर फक्त तापतो. अडवतात ते टीव्ही आणि पेले, कारण धातू लहरी परतवून लावतो. पुढे दोन नऊ इंची भिंती, सळ्या भरलेले कॉलम, खिडकीची लोखंडी ग्रिल आणि गाडीसाठी घातलेलं टिनाचं शेड. एवढ्यातून गाळून निघालेला सिग्नल फाटकापर्यंत पोचतो तो हजेरी लावण्यापुरता.

त्यात उन्हाळा. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि घराघराच्या खिडकीत कूलर चढतो. सिग्नलच्या दृष्टीनं कूलर ही काय वस्तू आहे ते नीट पाहावं. पत्र्याचं खोकं, खाली टाकीभर पाणी, आणि त्या पाण्यानं सतत निथळणारी वाळ्याची ताटी. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. एखाद्या अभियंत्याला वाय-फाय अडवण्याचं यंत्र करायला सांगितलं असतं, तर त्यानं फार तर एवढंच केलं असतं. फक्त त्यातून गार वारा आला नसता. आणि हा कूलर बसतो नेमका दर्शनी खिडकीत, राउटर आणि फाटक यांच्या मध्ये. म्हणून सरांची बेल हिवाळ्यात थोडीफार चालते आणि एप्रिलपासून जुलैपर्यंत रजेवर जाते. भर उन्हात पश्चिमेच्या खांबावर कॅमेराही भाजून निघतो, कारण पुष्कळ कॅमेऱ्यांच्या खोक्यावर ५० अंशांपर्यंतचीच हमी लिहिलेली असते.

मुलानं पुण्याहून फोनवर एक अ‍ॅप टाकायला लावलं. अ‍ॅपनं फाटकाजवळचा सिग्नल मोजून दिला: उणे ८०. सर पंचवीस वर्षं गणित शिकवलेले, त्यांनी घरात येऊन उणे ४५ वाचलं आणि फाटकावर जास्त मार्क असल्याचं जाहीर केलं. या मापात शून्याच्या जवळ जावं तेवढं बरं. उणे ५० उत्तम, व्हिडिओसाठी उणे ६७ च्या आसपास ठीक, उणे ८० म्हणजे नापास. शिवाय दर दहा अंकांना ताकद दहापट बदलते. सरांच्या शोकेसपासून फाटकापर्यंत जाता जाता सिग्नल तीन हजारपट घटलेला होता. बॅटरीवर चालणारी बेल अशा वेळी तोच तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहते, म्हणून बॅटरीही भराभर उतरते. त्याचा दोष पुन्हा चायनाला.

बऱ्याचशा डोअरबेल २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. सरकारनं २००५ मध्ये हा पट्टा परवान्याविना मोकळा केला आणि २०१८ मध्ये पाच गिगाहर्ट्झचा मोठा भाग. पहिला पट्टा आता गावच्या गायरानासारखा झाला आहे: राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळ्यांची जनावरं तिथेच चरतात. त्यातल्या १, ६ आणि ११ या तीन चॅनेलची एकमेकांवर कुरघोडी होत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यातलं रिकामं निवडता येतं. पाच गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान, पण भिंत आली की त्याचा दम लवकर सुटतो. अंगणापलीकडच्या बेलसाठी जुनं २.४ बरं. मोबाइल पाचवर आणि बेल दोनवर, म्हणून दोघांची पहिली ओळखच जुळत नाही, असंही पुष्कळ घरी घडतं. तेवढ्या वेळेपुरता राउटरवरचा पाचचा पट्टा बंद केला की काम होतं.

ही सगळी माहिती सरांना मिळाली, आणि त्यांनी बाजारातून रिपीटर आणला. तो लावला फाटकाशेजारी, कारण सिग्नल तिथेच कमी. जिथं सिग्नल पोचतच नाही तिथं रिपीटर काय रिपीट करणार? त्यानं चक्राची उजळणी केली. त्याची जागा अर्ध्या वाटेवर, सिग्नल अजून धड आहे अशा ठिकाणी. तिथेही साधा रिपीटर आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. सरांनी मग मोठा प्लॅन घेतला. जाहिरातीतला आकडा डाउनलोडचा होता. कॅमेऱ्याला सिनेमा पाहायचा नसतो, दाखवायचा असतो. त्याला अपलोड लागतो. साध्या एचडी कॅमेऱ्याला दोन एमबीपीएसच्या आसपास पुरतात, पण असे चार कॅमेरे आणि त्यात नातवाची व्हिडिओ कॉलची वेळ म्हटल्यावर, फायबरऐवजी मोबाइल टॉवरवर चालणारा राउटर असेल तर तो हात टेकतो.

संपर्काची अडचण या जिल्ह्याला नवी नाही. गांधीजी १९३६ मध्ये सेगावात राहायला आले तेव्हा त्यांची पत्रं बुलढाण्याकडच्या शेगावला जाऊ लागली. १९४० मध्ये गावाचं नावच सेवाग्राम करून टाकलं. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी बोलता यावं म्हणून आश्रमात टेलिफोन आला, तो आजही तिथे पाहायला मिळतो. पत्रं पोचावीत म्हणून लोकांनी गाव बदललं नाही, गावाचं नाव बदललं. सेलूच्या सरांना राउटर शोकेसमधून काढून मधल्या खोलीत उंच, उघड्यावर ठेवायचा आहे. पण त्यासाठी वहिनींची परवानगी लागते आणि ती व्हाइसरॉयपेक्षा वरच्या पातळीवरून मिळते.

खरी गोम इथेच आहे. राउटर हलवण्याला पैसे पडत नाहीत. फुकटच्या उपायावर माणसाचा विश्वास बसत नाही आणि ले-आउटमध्ये तो दाखवताही येत नाही. नवा कॅमेरा शेजाऱ्यांना दाखवता येतो. राउटर मधल्या खोलीत आणला हे कुणाला आणि कसं सांगणार? फायबरच्या पेटीपासून फाटकापर्यंत जाड लॅन केबल ओढली तर वाय-फायचा प्रश्नच मिटतो. ती शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, आणि योग्य कॅमेरा असला तर त्याच केबलमधून वीजही जाते. पण एवढ्या आधुनिक वस्तूला पुन्हा वायर म्हटल्यावर सरांचं तोंड उतरतं.

शेवटी राउटर हलवण्याचं काम वायरमन पोरानं केलं. लाइट गेलेली असताना तो आला, राउटर बंद, कॅमेरा बंद, आणि सर अंगणात उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी फाटक पाहत होते. त्यानं आधी राउटर आणि फायबरची पेटी इन्व्हर्टरवर घेतली, कारण चोराला भारनियमनाचं वेळापत्रक मालकापेक्षा चांगलं ठाऊक असतं. मग राउटर मधल्या दाराच्या चौकटीवर. कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन एक पायरी खाली. त्यात मेमरी कार्ड, म्हणजे नेट गेलं तरी बोरच्या पद्धतीनं फोटो जागेवरच राहतील. रस्ता वगळून फक्त फाटकापुरती हालचाल टिपायची खूणही केली. नाहीतर पोळ्याच्या दिवशी गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक बैलाची वर्दी पुण्याला जायची, आणि तालुक्यातल्या सिंदीच्या तान्ह्या पोळ्याइतकी लाकडी बैलांची गर्दी दारावरून गेली तर मुलाला नोकरी सोडावी लागली असती.

अ‍ॅपमध्ये आता उणे ६० दिसत होतं. चित्र स्वच्छ. फाटकाच्या कडीवरचा गंजसुद्धा दिसू लागला.

“सर, कॅमेऱ्याचा पासवर्ड अजून कंपनीचाच आहे. बदलून देऊ?” पोरानं विचारलं.

प्रश्न रास्त होता. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या प्रोग्रामनं जगभरचे असे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते, तेही कंपनीनं दिलेले साठेक ठरलेले पासवर्ड एकामागून एक लावून पाहून. त्या फौजेच्या ऑक्टोबरमधल्या हल्ल्यानं अमेरिकेतल्या कितीतरी बड्या वेबसाइट काही तास कोलमडल्या. भारत सरकारनं सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या चाचणीचे नियम २०२४ मध्ये काढले. सरांच्या फाटकापर्यंत मात्र अजून वायरमनच पोचला होता.

“बदल ना,” सर म्हणाले. “एक ते आठ आकडे ओळीनं टाक. पोरगा पुण्याहून विसरते, मग रात्री-बेरात्री फोन करते.”

“सोपा होईल ना जी तो. कोणालाही लागेल.”

“लागू दे. इतके दिवस कोणालाच दिसत नव्हतं!”