चौकोनाची चौकशी

रविवारी ताईने जेवायला बोलावलं होतं. पाट-पाणी होण्याआधीच कळलं की जेवण हे निमित्त, मुळात बैठक आहे. विषय एकच: भाच्याच्या इन्स्टाग्रामवरचा काळा चौकोन.

चौकोन खरोखर काळाच आहे. त्यात चित्र नाही, माणूस नाही, अक्षर नाही. २ जून २०२० ला, मंगळवारी, अमेरिकेतल्या वर्णद्वेषाचा निषेध म्हणून जगभरच्या कोट्यवधी लोकांनी असे चौकोन आपापल्या खात्यांवर टाकले. भाचा तेव्हा दहावीच्या निकालाची वाट बघत घरात लोळत होता. वर्गातल्या एका मुलीने टाकला म्हणून यानेही टाकला. बासष्ट लाइक आले, तिचा आला नाही. प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं.

पण आता भाचा इंजिनिअर झालाय, एमएसला निघालाय, आणि अमेरिकेचा विद्यार्थी-व्हिसा मागणाऱ्याने आपली खाती सगळ्या जगाला उघडी करून ठेवायची, असं २०२५ च्या जूनमध्ये फर्मान निघालंय. फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांतल्या खात्यांची नावं भरायची असतातच. दाजींनी बोटं मोजली आणि म्हणाले, "पाचच वर्षं ना? मग चौकोन सुटला!" यावर लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमधून काउन्सेलर बोलला. "सर, पाच वर्षं फॉर्मला. खातं तेच आहे ना? अंगठा सरकवत गेलं की बारशापर्यंत जाता येतं."

"मग काढून टाकू."

"आता काढलात तर लपवल्यासारखं दिसेल."

"मग ठेवू?"

"ठेवलात तर ठेवल्यासारखं दिसेल."

या सल्ल्याचे पैसे आगाऊ घेतलेले आहेत. व्हिसाचे १८५ डॉलर वेगळे.

तेव्हा चौकोनाला खुलासा हवा, असं ठरलं. काकू म्हणाल्या, संक्रांतीची चंद्रकळा जवळून काढली म्हणायचं. जूनमध्ये संक्रांत कुठली, म्हणून ते बारगळलं. मग आमच्या आईने पदराला हात पुसत एक वाक्य टाकलं आणि जेवण तासभर लांबलं. "वीज गेली होती म्हणावं. अंधाराचा फोटो आहे तो."

आता यात दम आहे. कारण त्या टाळेबंदीत ही सगळी मंडळी श्रीवर्धनला आजोळी अडकलेली होती आणि निसर्ग वादळ तिथेच आलं होतं. वाडीतल्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, पत्रे उडाले, वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. साक्षीदार म्हणून अख्खा रायगड जिल्हा उभा करता येईल. पण वादळ आलं ३ जूनला आणि चौकोन २ तारखेचा. एका दिवसाने घात केला. तेवढ्यात दाजी ओरडले, "अहो, तारीख कुणाची? त्यांची की आपली?" त्यांची २ ची संध्याकाळ म्हणजे आपली ३ ची सकाळ. म्हणजे साहेबाला तिकडे २ दिसणार, पण श्रीवर्धनला ३ उजाडलेली! भाच्याला विचारलं, तू नक्की किती वाजता टाकलास? तो म्हणाला, आठवत नाही. बरं, आपण पुढे की ते पुढे? तेही त्याला सांगता येईना. त्याचा तरी काय दोष? दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला ती हीच बॅच. पृथ्वी कुठून कुठे फिरते याची परीक्षाच झाली नाही त्यांची. बरं, सकाळ धरू, तर वादळ दुपारचं. आई म्हणाली, वारा सुटला की वीज आधीच बंद करतात. वीज नव्हती तर फोटो चढला कसा? मोबाइलला चार्जिंग होतं. मग अंधार कसा, सकाळ होती ना? आभाळ भरून आलं होतं. तसं चौकोनाच्या एका कोपऱ्यात बारीकसं करडं काही दिसतं, ते आभाळ असावं असं काकूंचं मत पडलं, आणि चौघांनी आळीपाळीने चष्मा लावून त्या कोपऱ्यात आभाळ शोधलं.

एक कोरा काळा चौकोन. त्याच्याबद्दल एवढं तर तो टाकताना भाच्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

थोरले काका मात्र शांत होते. त्यांचं म्हणणं सरळ असतं: आपला काय संबंध? वर्णद्वेष त्यांच्याकडे, आपल्यात ते नाहीच. हेच काका मुलासाठी स्थळं बघताना जाहिरातीत "गोरी" हा शब्द "सुस्वरूप"च्या आधी घालून आले होते. पुण्यातला त्यांचा फ्लॅट चार महिने रिकामा राहिला, कारण विचारायला आलेल्या दोघी मणिपूरच्या होत्या आणि "त्यांच्या स्वयंपाकाचा वास येतो". वास यायला आधी स्वयंपाक व्हावा लागतो, तो झालाच नव्हता. आणि याच काकांच्या चिरंजीवांना टेक्सासात पेट्रोल पंपावर कुणीतरी "आपल्या देशात जा" म्हणालं, तेव्हा फॅमिली ग्रुपवर दोन दिवस मानवतेचा पूर आला होता. मी स्वतः तीन लाल तोंडाचे इमोजी टाकले.

काउन्सेलरने पुढच्या सूचना दिल्या. तिकडे कॅम्पसवर तंबू दिसला की दुसऱ्या वाटेने वर्गात जायचं. गर्दी दिसली की फोन खिशात. कुणी कागद पुढे केला तर सही नाही. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात मात्र झाडाखाली सहा रंगांची सहा मुलं हसत बसलीत आणि वर लिहिलंय की इथे तुम्हाला तुमचा आवाज सापडेल. सापडेल बहुतेक. पण विमानतळावर जमा करून जावं लागेल, आणि पावती घ्यावी लागेल.

गंमत बघा. त्यांच्या राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती १७९१ ची, ती म्हणते बोलण्याला हात लावू नका. आपली पहिली दुरुस्ती १९५१ ची, तिने बोलण्यावर कुठे कुठे हात ठेवता येईल ती यादी वाढवली. त्या यादीत परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध हेही एक कलम आहे. म्हणजे आमचा चौकोन दोन्ही देशांत अडकला. तिकडे तो सरळ संशयित, इकडे मैत्री बिघडवतो म्हणून.

इथवर मी हसत होतो. मग भाचा सहज बोलून गेला, "मामा, मी आयुष्यात हा एकच निषेध केलाय." आणि मला घास गिळेना.

कारण त्याच्या हॉस्टेलमधला एक मुलगा मला माहीत आहे. त्याला पहिल्या आठवड्यात सीईटीतली रँक विचारली, मग आडनाव विचारलं, मग "अच्छा, म्हणजे कोट्यातून" म्हणून सगळे हसले. नंतर त्याच्या ताटाजवळ कुणी ताट ठेवीना. हे भाच्यानेच मला दिवाळीत सांगितलं होतं. तू काय केलंस, विचारलं तर म्हणाला, काय करणार, त्याच्या खोलीत मी नव्हतो. हजारो मैलांवरच्या माणसासाठी चौकोन टाकणारा माझा भाचा तीन खोल्या पलीकडे गेला नाही. रॅगिंग करणार नाही असं हमीपत्र त्याने आणि दाजींनी दर वर्षी भरलं होतं, सगळ्यांनीच भरलं होतं, ज्यांनी हसून घेतलं त्यांनीही. त्या मुलाने वर्ष संपता संपता हॉस्टेल सोडलं. त्याच्यासाठी कुणी काळा, पांढरा, हिरवा, कसलाही चौकोन टाकला नाही. आणि हे पोरांना शिकवलं कुणी? आम्हीच की. कॉलेजात राजकारण नको, आपलं आपण बघावं, सही करू नये, पुढे बसावं पण पुढे होऊ नये. १९९४ च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या कॉलेजांतल्या खुल्या निवडणुका गेल्या, तेव्हा याच घरात "बरं झालं, कटकट गेली" असं म्हटलेलं मी ऐकलंय. २०१६ च्या कायद्याने त्या परत आणल्या म्हणतात, त्या पुस्तकात. परकं सरकार पोराच्या खात्यात मत शोधायला बसणार म्हणून आम्ही हबकलोय, आणि एकवीस वर्षं त्या पोरात मत राहू नये म्हणून रात्रंदिवस खपलो ते आम्हीच. साहेबाला काही सापडणार नाही, दाजी. निवांत जेवा.

अर्थात हे मी मनात म्हणालो. तोंडाने म्हणालो, "वादळाचंच सांगा, तेच बरं वाटतं."

मुलाखतीच्या दिवशी पहाटे साडेतीनला मुंबईची गाडी दाराशी आली. भाचा इस्त्रीच्या शर्टात, हातात फाइल, खिशात निसर्ग वादळाचं कात्रण. ताईने दही-साखर हातावर ठेवली. मग डबीत बोट घालून त्याच्या कानामागे काजळाची तीट लावली.

दाजी जिन्यातून मागे फिरले. "पूस ते. आधी पूस."

भाच्याने रुमाल काढला. पुसताना ते पसरलं.