पाण्याला कारणे दाखवा नोटीस

महाराष्ट्रात पाणी अडवण्याची योजना कधी फसत नाही. फसतं ते पाणी. एवढं एक सूत्र डोक्यात पक्कं बसलं की सगळे अहवाल, सगळ्या चौकश्या आणि दर उन्हाळ्यात रिकामे हंडे घेऊन रस्त्यावर बसणाऱ्या बायकांचे फोटो, सगळ्यांचा नीट उलगडा होतो. योजना आपल्या जागी असते. फलक लागलेला असतो, जलपूजन झालेलं असतं, नारळ फुटलेला असतो. त्या नारळातलं धरलं तर निदान तेवढं पाणी तरी त्या दिवशी जागेवर असतं. बाकीचं गैरहजर. आता गैरहजर राहणाऱ्याची चौकशी करायची सोडून जी बिचारी हजर आहे त्या योजनेलाच धारेवर धरायचं, हा कुठला न्याय?

जलयुक्त शिवार अभियानावर असाच अन्याय झाला. डिसेंबर 2014 मध्ये ते सुरू झालं तेव्हा दरवर्षी 5,000 गावं आणि 2019 पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्र, असा सरळ हिशेब होता. 5 वर्षं गुणिले 5,000; पाढ्यात चूक काढायला जागाच नाही. 19 ऑक्टोबर 2018 रोजी शिर्डीत खुद्द पंतप्रधानांनी सांगितलं की यातली 16,000 गावं दुष्काळमुक्त झाली. बाराव्या दिवशी, 31 ऑक्टोबरला, राज्य सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. विरोधकांना यात लगेच विसंगती दिसली. मला दिसत नाही. मुक्त झाली होती ती गावं. जाहीर झाले ते तालुके. तालुक्यांसाठी वेगळी योजना लागते, तिचं नाव अजून ठरलेलं नाही, एवढंच.

मग सप्टेंबर 2020 मध्ये कॅगचा अहवाल विधिमंडळात आला. 9,633 कोटी रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात आणि गावांची पाण्याची गरज भागवण्यात अभियानाचा फारसा परिणाम दिसत नाही, असं लेखापरीक्षकांनी नोंदवलं. त्यांनी तपासलेल्या जिल्ह्यांत 2017 मध्ये टँकर 3,368 होते, ते 2019 मध्ये 67,948 झाले. म्हणजे वीसपट. दुसऱ्या कुठल्या धंद्याने दोन वर्षांत एवढी भरारी घेतली असती तर त्याच्या मालकाला उद्योगरत्न म्हणून शाल-श्रीफळ मिळालं असतं. आता 2018 ला पाऊस कमी पडला होता, हे खरं आहे आणि ते सांगायलाच हवं. आमच्याकडे त्याचीही घडी बसलेली आहे: पाऊस चांगला झाला की योजनेचं यश, कमी झाला की पावसाचं अपयश.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. सरकार बदललं, ऑक्टोबर 2020 मध्ये खुली चौकशी लावायचं ठरलं. सरकार पुन्हा बदललं, 2022 सरता सरता 'जलयुक्त शिवार 2.0' ची घोषणा झाली. या सगळ्या धामधुमीत ज्याच्यावर मुळात आरोप आहे त्याला मात्र कुणी साधं विचारलं नाही. सरकारला सवड नसेल तर मसुदा मी करून देतो.

"विषय: टंचाईमुक्त घोषित गावांत विनापरवानगी गैरहजर राहिल्याबाबत.

ज्याअर्थी, आपण, पाणी (यापुढे 'अपचारी'), जून ते सप्टेंबर या कालावधीत राज्यात उतरता, आणि आपल्या वास्तव्यासाठी शासनाने नाला खोलीकरण, नाला रुंदीकरण, साखळी सिमेंट बंधारे व शेततळी अशी प्रशस्त व्यवस्था केलेली आहे. आणि ज्याअर्थी, सदर कामांची मोजमापे मोजमाप पुस्तकात (एमबीत) नोंदवून देयके अदा झालेली आहेत, म्हणजेच आपण तेथे आहात असे शासनाचे स्पष्ट मत आहे. आणि ज्याअर्थी, आपण दरवर्षी फेब्रुवारी-मार्चनंतर कोणतीही पूर्वसूचना न देता मुख्यालय सोडता. तसेच एप्रिल 2016 मध्ये आपण मिरज येथून लातूर येथे रेल्वेच्या 10 वाघिणींतून 5 लाख लिटर इतक्या संख्येने विनातिकीट दाखल झालात, व आपल्यामुळे त्या शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती कलम 144 लावण्याची वेळ प्रशासनावर आली. त्याअर्थी, आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा. मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपणास काही सांगावयाचे नाही असे गृहीत धरून गावास टँकर मंजूर करण्यात येईल."

नोटीस जरा कडक झाली, मान्य. पण पाण्याचे लाड आपण आजवर काही कमी पुरवले नाहीत. नाल्याचंच बघा ना.

पाणलोटाच्या शास्त्रात 'माथा ते पायथा' असा नियम आहे. आधी डोंगराच्या माथ्यावर सलग समतल चर खणायचे, मग उतारावर अनघड दगडी बांध घालायचे, गवत आणि झाडं धरायची, आणि हे सगळं झाल्यावर अगदी शेवटी खाली नाल्याला हात लावायचा. म्हणजे धावत येणारं पाणी चालायला लागतं, चालणारं थांबतं, थांबलेलं मुरतं आणि गाळ वरच्या वर राहतो. नियमात खोट नाही, पण तो लिहिणारा कधी ठेकेदार नसणार. माथ्यावर पोकलेन चढत नाही. तिथे कुदळ-फावडं घेऊन माणसं न्यावी लागतात, त्यांची मस्टर भरावी लागतात, मजुरी वेळेवर द्यावी लागते. आणि एवढं करून चर जेमतेम गुडघाभर, फोटोत ओरखड्यासारखा दिसतो. पाहुण्यांची गाडीही तिथवर जात नाही. नाला कसा रस्त्याला लागून! पोकलेन सकाळी उतरलं की दिवस मावळेपर्यंत दोन पुरुष खोल काम तयार. घनमीटर भराभर भरतात, बिल निघतं, निघालेल्या मुरमाला गिऱ्हाईक उभंच असतं. पहिल्या दमदार पावसाने तो भरला की व्हॉट्सॲपवर जलक्रांती होते. एमबीत घनमीटर लिहायला रकाना आहे. त्यातलं किती मुरलं, हे लिहायला नाही.

भूगर्भवाले लोक मात्र हटवादी. त्यांचं म्हणणं, राज्याचा चार-पंचमांश भाग काळ्या बेसाल्टचा आहे. वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत मावेल तेवढंच पाणी, खाली कडक पाषाण. तो झिजलेला थर फोडून नाला खाली नेलात, तर आजूबाजूच्या शिवारात मुरून बसलेलं पाणीच उलट नाल्यात पाझरतं आणि उन्हाने उडून जातं. म्हणून तर खोली तीन मीटरच्या आत ठेवा, असं बजावावं लागलं. (तीन मीटर म्हणजे किती, हे पोकलेनच्या चालकाला सांगण्याची जबाबदारी कुणाची, ते ठरलेलं दिसत नाही.) अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा या अशास्त्रीय खोदकामाविरुद्ध हायकोर्टात गेले, माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांची समिती बसली. समिती बसते ते बरं असतं. निदान काहीतरी एका जागी बसतं.

खोटं कशाला बोलू, काही गावांत कामं चोख झाली. 2016 पासून पानी फाउंडेशनच्या स्पर्धेत तर लोकांनी एप्रिल-मेच्या उन्हात स्वतः चर खणले, आणि त्या घामाची थट्टा करायची माझी छाती नाही. पण अशा गावांवर सदर चालत नाही.

असो. मुदतीच्या आत पाण्याचा खुलासा आला. वेळ पाळली, ही गोष्टच संशयास्पद. तो असा:

"महोदय, अपचारी नम्रपणे निवेदन करते की ते दरवर्षी मृगाच्या आगेमागे डोंगरमाथ्यावर हजर होते. तेथे हजेरी घेण्यास कोणी नसते. संबंधित सर्वजण खाली नाल्याच्या उद्घाटनात असतात. थांबा म्हणणारा चर नाही, बांध नाही, गवताची काडी नाही, सबब अपचारी उताराने खाली येते. येताना रिकाम्या हाताने येणे बरे दिसत नाही म्हणून माती घेऊन येते. त्या मातीने शासनाचा बंधारा भरल्यावर गाळ काढण्याची वेगळी योजना 2017 मध्ये निघाली, याबद्दल अपचाऱ्यास आनंदच आहे.

जे थोडे जमिनीत मुरते, तेही तेथे राहू दिले जात नाही. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेऊ नये, असा कायदा शासनाने 1993 मध्येच केला. 2009 च्या भूजल अधिनियमाने पुढे शेती व उद्योगांसाठी 60 मीटरपेक्षा खोल जाण्यासही मनाई केली; हा अधिनियम अंमलात येण्यास 2014 साल उजाडले, इतका वेळ तर अपचाऱ्यास खडकातून पाझरण्यासही लागत नाही. 60 मीटर म्हणजे सुमारे 200 फूट. अपचाऱ्यास गतवर्षी 800 फुटांवरून वर ओढण्यात आले. त्यावेळी बोअरच्या गाडीवाल्याजवळ कायद्याची प्रत किंवा मोजपट्टी यांपैकी काहीही आढळून आले नाही.

वर काढल्यावर अपचाऱ्यास शेततळ्यात, प्लास्टिकच्या कागदावर, भर उन्हात ठेवण्यात आले. सदर तळे पावसाचे पाणी साठविण्यासाठी मंजूर झाले होते, अशी अपचाऱ्याची समजूत आहे. जमिनीखाली सावलीत असलेल्यास उपसून उन्हात ठेवण्यामागील तांत्रिक कारण कळविल्यास आभारी राहीन. एप्रिल-मे मधील बाष्पीभवनाचे दिवस गैरहजेरीत न धरता वैद्यकीय रजेत धरावेत, ही विनंती. उर्वरित काळ अपचारी उसात होते. खात्री करावयाची झाल्यास साखर कारखान्याचा गाळप अहवाल पाहावा.

लातूरच्या प्रवासाबाबत: अपचारी स्वखुशीने गेले नव्हते.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथेच अपचारी कसे काय नियमित हजर असते, अशी तोंडी विचारणा आपल्या कार्यालयाने केली होती. तेथेही पाऊस बेताचाच पडतो. मात्र तेथे शेतीसाठी बोअर घेता येत नाही, ऊस-केळी लावता येत नाही, आणि दरवर्षी ग्रामसभेत पडलेला पाऊस मांडून पाण्याचा ताळेबंद केला जातो; माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढून मग उरलेल्यात पीक ठरते. ही घडी बसविणाऱ्या पोपटराव पवार यांना पद्मश्री मिळाल्यानंतर तेथे येणाऱ्या शिष्टमंडळांत खंड नाही. ती झाडे पाहतात, बांध पाहतात, फोटो काढतात. बोअरबंदीचा ठराव कोणी लिहून नेल्याचे मात्र अपचाऱ्याच्या पाहण्यात नाही."

हा शेवटचा परिच्छेद वाचून मला क्षणभर नोटीस मागे घ्यावीशी वाटली. कारण बंधारा कुणालाही चालतो. त्यात ठेकेदाराचं भलं, पुढाऱ्याचा फलक आणि गावाची आशा, तिघांनाही जागा आहे. पण 'तू बोअर मारू नकोस' हे शेजाऱ्याला तोंडावर सांगायचं म्हणजे निवडणूक हरायची, भावकी तोडायची, लग्नाच्या पंगतीत एकटं बसायचं. त्याला निधी मिळत नाही आणि त्याचं उद्घाटनही करता येत नाही. शासनाने खडकाला बदलायला सांगितलं, नाल्याला सांगितलं, पावसाला सांगितलं. मोटरच्या बटणाला तेवढं कुणी काही बोललं नाही. पिण्याचा उद्भव राखायचा कायदा तीसहून जास्त वर्षं कपाटात आहे आणि कपाट कोरडं आहे, त्यामुळे कायदा अजून उत्तम स्थितीत आहे.

पण माझ्या वाटण्याला कार्यालयात किंमत नाही. खुलाशावर लाल शाईने शेरा पडून फाईल परत आली आहे:

"खुलासा पाहिला. अपचारी हे उताराने थेट आले असून ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद या योग्य मार्गाने आलेले नाही, सबब विचारात घेता येत नाही. बोअर, ऊस व शेततळी हे विषय या कार्यासनाशी संबंधित नाहीत. प्रकरण निकाली काढण्यात यावे. गावास टँकर मंजूर. टँकर भरण्यासाठी गावच्या पिण्याच्या विहिरीपासून 200 मीटरवर असलेली खासगी बोअर तातडीने अधिग्रहित करून मालकास नियमानुसार मोबदला अदा करावा."