अर्ध्यावरचा काटा

मामांच्या पिकअपचा डिझेलचा काटा कित्येक वर्षांपासून अर्ध्यावर आहे. टाकी भरा, अर्ध्यावर. रिकामी करा, अर्ध्यावर. मामा त्याच्याकडे बघतही नाहीत. त्यांनी टाकीसाठी बांबूची एक कामटी केली आहे आणि तिच्यावर चाकूनं खाचा पाडल्या आहेत. निघताना कामटी टाकीत घालायची, वर काढायची, ओल कुठवर आली ते बघायचं, मग वास घ्यायचा. वास कशासाठी, हे मी एकदा विचारलं होतं. "सवय," मामा म्हणाले.

त्या मे महिन्यात आम्ही देवरुखजवळच्या आजोळच्या घरातून आजीचं शिसवी कपाट कोल्हापूरला न्यायला निघालो. कपाटाबरोबर नारळांची दोन पोती आणि सात फणस होते. त्यातला एक फणस निघण्याच्या आधीच पिकला होता आणि तसं सगळ्या तालुक्याला कळवत होता. माझ्याकडे एक कापडी पिशवी होती. तिच्यात आमसुलं, फणसपोळी आणि आजीचा वरवंटा. "पाट्याचं नंतर बघू, पण वरवंटा आण," असं आईनं तीनदा फोन करून बजावलं होतं. पुण्यात आईकडे मिक्सर आहे. पण वरवंट्याच्या बाबतीत आमच्या घरात कुणी प्रश्न विचारत नाही.

साखरपा मागे पडलं, आंबा घाट सुरू झाला. चढावरच्या एका वळणाच्या अलीकडे गाडीनं दोन गचके दिले, उचकी लागल्यासारखं केलं आणि गप्प झाली. इतका वेळ आपण केवढ्या आवाजात बसलो होतो ते तेव्हा कळलं. दरीतून कुठला तरी पक्षी ओरडत होता. मागे कपाटाचं दार किर्रर्र करून उघडलं.

"उटी लाव, उटी!" मामा ब्रेकवर उभे राहत ओरडले. मी खाली उडी मारली. आंबा घाटात दगडांना तोटा नाही, फक्त हवा तेव्हा सापडत नाही.

"आरं, तुझ्या पिशवीत हाय की!"

"मामा, तो आईचा वरवंटा आहे."

बहिणीचं नाव निघताच मामांनी आग्रह सोडला. शेवटी एक धोंडा मिळाला आणि गाडी थांबली.

मग सेल्फ मारला. सेल्फ जोरात फिरला, म्हणजे बॅटरीला दोष नव्हता. बॅटरी उतरली असती तर नुसतं कट-कट ऐकू आलं असतं. तरी मामांनी बॉनेट उघडून टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी स्क्रू ड्रायव्हरनं खरवडली, कारण बॉनेट उघडल्यावर काहीतरी खरवडावंच लागतं. पुन्हा सेल्फ. काही नाही. मग कामटी आणली आणि टाकीत घातली. ओल चार बोटं वर आली होती. मामांनी वास घेतला. "डिझेल हाय," ते म्हणाले. विषय संपला.

आपल्याकडे बंद गाडी एकटी राहत नाही. दहा मिनिटांत दोन मोटारसायकली, एक जीप आणि माकडांची एक टोळी जमली. माकडांचं लक्ष फणसावर होतं. बाकीच्यांचं इंजिनावर. पांढऱ्या शर्टातल्या एका गृहस्थांनी "प्लग काढून साफ करा" असा सल्ला दिला.

आता, डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लगच नसतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचा तळ गरम होतो ना, तेच इथं चालतं. सिलिंडरमधली हवा वीसेक पटीनं दाबली की ती इतकी तापते की डिझेलचा फवारा आत शिरताच आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनं 1897 मध्ये ऑग्सबर्गला हे इंजिन नीट चालवून दाखवलं. 1913 मध्ये इंग्लंडला जाताना हाच माणूस रात्री बोटीवरून नाहीसा झाला. का, यावर अजून वाद आहेत. भर घाटात बॉनेटमध्ये डोकं घालून उभं राहिल्यावर मला त्यातलं एक कारण पटण्याजोगं वाटू लागलं.

हे सगळं मी त्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तरी एकदा प्लग बघा."

मामांची स्वतःची योजना वेगळी होती. गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकायची, उताराला मागे सोडायची आणि क्लच सोडायचा. तत्त्वतः बरोबर आहे. फक्त मागे दरी होती आणि वर आजीचं कपाट होतं. मी पिशवी छातीशी धरून नकार दिला. एक मोटारसायकलवाला साखरप्याहून मिस्त्रीला आणतो म्हणाला, आणि खरोखरच गेला.

मिस्त्री तासाभरानं आले. पाठीला हत्यारांची पिशवी, हातात डिझेलचा पाच लिटरचा कॅन. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. मामांना विचारलं, "स्टॉपर आत हाय ना?"

"तीस वर्सं गाडी चालवतोय मी," मामा म्हणाले. हे उत्तर नव्हतं, पण मिस्त्रींनी ते उत्तर मानलं.

"सेल्फ मारल्यावर सायलेन्सरातून धूर येतो?"

"नाही," मी म्हणालो.

"धूर आला म्हणजे डिझेल पोचतंय, पण पेटत नाय. धूरच नाय म्हणजे पोचतच नाय." एवढ्या दोन वाक्यांत त्यांनी हीटर, कॉम्प्रेशन आणि गृहस्थांचा प्लग तिन्ही निकालात काढले. मग विचारलं, "डिझेल किती?"

मामांनी कामटी दाखवली. मिस्त्रींनी कामटी बघितली, रस्ता बघितला, गाडीखाली वाकून टाकी बघितली. "काका, तोंड टाकीच्या मागच्या अंगाला, आन् ओढायची नळी पुढच्या. गाडी चढावर. सगळं डिझेल मागं आलंय, तुमच्या काठीच्या भेटीला."

मामा काही बोलले नाहीत. तीस वर्षांच्या त्या कामटीकडे बघत राहिले.

कॅन टाकीत रिकामा झाला. पण डिझेल गाडीनं एकदा हवा घेतली की नुसतं डिझेल ओतून भागत नाही. नळीत बुडबुडे बसतात आणि पंप त्यांनाच दाबत बसतो. मिस्त्रींनी फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला आणि हातपंपाचं बटण अंगठ्यानं दाबायला लागले. फस्स फस्स करत आधी फेस आला, मग बुडबुडे, मग बुडबुडे आणि डिझेल, मग सलग सोनेरी धार. स्क्रू आवळला. इंजेक्टरला जाणाऱ्या नळ्यांचे नट अर्धा आटा ढिले केले. "आता दादा, तुम्ही आत बसा. मी सांगतो तेव्हा सेल्फ. दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, जळेल."

मी मोठ्या अभिमानानं ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. पिशवी मांडीवर घेतली, तर स्टेअरिंगखाली हात जाईना. डॅशबोर्डखाली एक आडवी काळी मूठ तिरकी बाहेर आली होती. मी पिशवी तिला अडकवली.

"मार!"

मारला.

"थांब. मार!"

मारला. नटांतून डिझेलचा थेंब नाही. तीनदा, चारदा. सेल्फचा आवाज जड होत चालला. मिस्त्रींच्या कपाळावर आठी आली. त्यांनी पंपावर हात ठेवला, डॉक्टर पोटावर ठेवतात तसा. "काका, पंप गेला वाटतो. उतरवावा लागेल. कोल्हापूरला लॅबला द्यायचा. दहा-बारा हजार धरा."

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी पोत्यातून एक नारळ काढला, पुढच्या चाकाजवळ फोडला, पाणी बंपरवर शिंपडलं. गृहस्थांनी "बघा" अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

"दादा, तुम्ही उतरा," मिस्त्री म्हणाले. "काकांना बसू द्या." मी पिशवी उचलली. खाली कुठंतरी टक असा बारीक आवाज झाला. काळी मूठ चांगली दोन बोटं आत गेली होती.

मामा बसले. "मार!" पहिल्या नटातून डिझेल चिळकांडून मिस्त्रींच्या शर्टावर आलं. "आलं, आलं!" सेल्फ फिरत असतानाच त्यांनी एकेक नट आवळला. इंजिन एका सिलिंडरवर खोकलं, मग दोनांवर, मग पांढऱ्या धुराचा लोट सोडून चारही पायांवर उभं राहिलं. माकडं पळाली. जाताना त्यांनी पिकलेला फणस नेला.

मामांच्या मते गाडी नारळानं चालू झाली. मिस्त्रींच्या मते पंपात एक हट्टी बुडबुडा होता. प्लगवाले गृहस्थ म्हणाले, हलवाहलवीत प्लगचा कॉन्टॅक्ट बसला असणार. मिस्त्रींनी डिझेलसकट हजार रुपये घेतले आणि पंप एकदा तपासून घ्या म्हणाले.

आंबा गावात चहा पिताना मी सहज विचारलं, "मामा, ती डॅशबोर्डखालची काळी मूठ कसली?"

"स्टॉपर. ओढला की पंप डिझेल देणं बंद करतो, गाडी बंद. जुन्या गाड्यांना चावीनं बंद होत नाही इंजिन. का रं?"

"काही नाही," मी म्हणालो आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. वरवंटा साडेचार किलोचा आहे, नंतर मी तो वजन करून पाहिला.

मामांनी पुढच्याच आठवड्यात पंप तपासून घेतला. त्यात काहीच निघालं नाही, बाराशे रुपये मात्र गेले. कोल्हापुरात तुमची त्यांची गाठ पडली, तर कृपा करून वरवंट्याचा विषय काढू नका.