खिशातला कांदा

मागच्या मे महिन्यात मी आफ्रिकेला निघालो तेव्हा बालाघाटात लू वाहत होती आणि बायकोने माझ्या शर्टाच्या खिशात कांदा ठेवला होता. खिशात कांदा असला की लू लागत नाही, हे आमच्याकडचं तीन पिढ्यांचं ज्ञान. त्यात जायचं आफ्रिकेला, म्हणजे भट्टीतच. म्हणून सोबत ओआरएसची बारा पाकिटं, छत्री, चार सुती शर्ट आणि पन्ह्याची बाटली होती. बाटली नागपूर विमानतळाच्या पुढे गेली नाही.

फाटकात शेजारच्या काकूंनी गाठलं. "काहून जाता बापा गुरुजी, एवढ्या उन्हात आफ्रिकेले?"

"मिशनचं काम आहे, काकू."

"आफ्रिकेत कोणतं गाव?"

बाकी कुणालाच हा प्रश्न पडला नव्हता. आफ्रिकेत ५४ देश आहेत, पण आमच्या मंडळीच्या लेखी आफ्रिका म्हणजे वारासिवनीच्या पुढचं एखादं स्टेशन. मी केनियाला चाललो होतो, नैरोबीच्याही वर, डोंगरातल्या एका मिशनच्या शाळेत. नैरोबीच समुद्रसपाटीपासून जवळपास १,८०० मीटर उंच आहे, आपल्या पचमढीहून कितीतरी वर. विषुववृत्ताच्या दक्षिणेला जूनमध्ये हिवाळा असतो, हे मी पस्तीस वर्षं पोरांकडून पाठ करून घेतलंय. न आल्यास छडी. मी स्वतः भूगोलाचा निवृत्त मास्तर, आणि उतरलो तो सुती शर्टात, हातात छत्री घेऊन. त्या रात्री चारही शर्ट एकावर एक चढवून मी कुडकुडत पडलो होतो. कांदा सगळ्यात आतल्या खिशात होता.

सकाळी तो स्वयंपाकघरात जमा केला. तिथल्या प्रमुख बाईंना सगळे 'मामा' म्हणत. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. पहिले चार दिवस माझी जीभ वळेना. धिप्पाड, डोक्याला फडकं बांधलेल्या बाईला मामा कसं म्हणायचं? बाकी भाषेची अडचण नव्हती. चहाला चाय, चपातीला चपाती, दुकानाला दुका, पैशाला पेसा. एवढ्या शब्दांवर आमच्या काही नातेवाइकांनी आख्खा जन्म काढलाय. मामांनी कांदा हुंगला, चिरला आणि सुकुमा विकीत टाकला. ही तिथली रोजची पालेभाजी. नावाचा अर्थ 'आठवडा ढकला'. महिनाअखेरीला आमच्या घरी होणाऱ्या पातळ वरणाला इतकं नेमकं नाव आजवर कुणाला सुचलं नाही.

आता मिशनच्या कामाचं सांगतो. मी सुवार्ता सांगायला गेलो होतो. केनियातली बहुसंख्य माणसं ख्रिस्ती. तिथे सुवार्ता नेणं म्हणजे बालाघाटात चिनोर तांदूळ विकायला आणणं. आमची उपासना पाऊण तासात आटोपते, कारण पाळकसाहेबांनाही घरच्या मटणाची काळजी असते. तिथली तीन तास चालली आणि त्यात मंडळी नाचली. शेवटी पाळकांनी मला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि भारतात सुवार्तेचं काम वाढावं म्हणून सगळ्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. वर्गणीही काढणार होते. मी कसंबसं थांबवलं.

शाळेत भूगोल शिकवावा म्हटलं, तर तिथे भूगोलाच्या दोन तरुण शिक्षिका होत्या आणि त्यांना जूनमधला हिवाळा माहीत होता. मग मामांनी मला बटाटे सोलायला बसवलं. सहा आठवडे मी बटाटे सोलले.

बटाटे सोलता सोलताच एका म्हाताऱ्या पाळकांनी विचारलं, "तुम्ही नासिकचे का?" मी चमकलो. ते मूळचे मोंबासाकडचे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं एके काळी आपल्या नाशिकजवळच्या शरणपूरला ठेवली जात. १८५४ सालची ती मिशनची वसाहत. तिथे ती सुतारकाम, लोहारकाम शिकली, काही जण शिक्षक झाले, आणि पुढे त्यांतले कित्येक मिशनच्या कामाला मोंबासाला परतले. १८७५ साली तिथे फ्रेअर टाउन वसलं. मिशनरी लिव्हिंग्स्टनचा मृतदेह इंग्लंडला नेताना सोबत असलेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या शवपेटीला हात लावणारा जेकब वेनराइट शरणपूरचाच. आफ्रिकेला परत गेले म्हणावं ते यांना. मी आपला सुट्टीत जाऊन बटाटे सोलून येणारा.

आमच्या बैहरपलीकडच्या जंगलात याची उलटी गोष्ट घडली होती. व्हेरियर एल्विनचे वडील सिएरा लिओनचे बिशप. ते १९०९ साली तिथेच पीतज्वराने गेले. मुलगा मिशनरी होऊन पुण्याला आला, आणि १९३२ साली शामराव हिवाळे या मराठी मित्रासोबत मंडल्याच्या करंजियात जाऊन राहिला. गोंड-बैगांचा धर्म बदलायचा राहिला बाजूला, एल्विननेच चर्च सोडलं आणि बैगांवर जाडजूड पुस्तक लिहिलं. पीतज्वराची लस टोचून घेताना मला थोरले एल्विन आठवले होते. त्या लसीचं पिवळं कार्ड आता जन्मभर चालतं, त्यामुळे यंदा सुई नाही.

हो, यंदाही चाललोय. निघायच्या आदल्या दिवशी मी मामांच्या डाळीला हिंग-जिऱ्याची फोडणी दिली होती. पोरांनी पातेलं चाटूनपुसून साफ केलं. या फेब्रुवारीत मामांचा निरोप आला: पाळक नाही आले तरी चालेल, हिंगवाल्याला पाठवा. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला असं कुणी बोलावलं नव्हतं.

अडचण एकच. काल बालाघाटच्या बाजारात स्वेटर विचारला. बाहेर ४४ अंश. दुकानदाराने आधी मला बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला, पाणी दिलं आणि विचारलं, "गुरुजी, घरून कोणाले बोलवू का?"

तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या कपाटात जुना लोकरी स्वेटर पडला असेल, तर येत्या रविवारी उपासनेनंतर देवळाच्या ओसरीत आणून द्यावा. छातीचं माप ४२. कांदे आणू नयेत.